शहरालगतच्या डोंगरावर एका दिवसाची चढाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहर वाढत वाढत डोंगराच्या पायथ्याला येऊन टेकलं की तो डोंगर आपलासा वाटायला लागतो. खिडकीतून रोज दिसतो, रस्ता थेट पायथ्यापर्यंत जातो, मग सुट्टीच्या दिवशी सहज उठून निघावंसं वाटतं. जरूर निघावं. फक्त रस्ता संपतो तिथून पुढे शहराचे नियम चालत नाहीत, एवढं मनात पक्कं असू द्यावं. पहिल्यांदा निघणारी मंडळी जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. तुमच्या डोंगराची खास माहिती मात्र पायथ्याच्या वस्तीत विचारून घ्या. कुठला ओढा कधी भरतो आणि कुठली वाट मोडली आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

मला जमेल का?

आधी डोंगराची उंची बघण्यात एक गफलत होते, ती टाळा. माहितीत दिलेली उंची समुद्रसपाटीपासूनची असते. माथा १४०० मीटरवर असेल आणि पायथा ८०० मीटरवर, तर तुम्हाला चढायचे आहेत ६०० मीटर. इमारतीचा एक मजला साधारण तीन मीटरचा धरला तर हे दोनशे मजले झाले. आकडा ऐकून घाबरू नका, हा चढ दोन-तीन तासांत वाटून जातो. पण घरी दहा मजलेही एका दमात न चढलेल्या माणसानं आधी तीन-चार आठवडे जिने चढायची सवय करावी.

चालताना स्वतःला तपासायची सोपी खूण म्हणजे बोलता येतंय का ते पाहणं. पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं तर वेग बरोबर आहे. शब्दाशब्दाला धाप लागत असेल तर वेग कमी करा. अनेक जण याला 'विरळ हवा' म्हणतात, पण उंचीचा त्रास सहसा २५०० मीटरच्या वर सुरू होतो. त्याखाली दम लागतो तो बहुतेक वेळा घाईमुळे. हृदयविकार, दमा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका.

किती वेळ लागेल?

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये यासाठी एक हिशेब मांडला, तो आजही वापरात आहे. दर पाच किलोमीटर चालीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. जाऊन-येऊन दहा किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर दोन अधिक एक, म्हणजे तीन तास.

हा हिशेब धडधाकट, सरावाच्या आणि न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. पहिल्यांदा जाणाऱ्या गटासाठी मी त्यात निम्मा वेळ आणखी मिळवतो आणि वर माथ्यावरची विश्रांती वेगळी धरतो. म्हणजे वरच्या उदाहरणात तीनाचे साडेचार, विश्रांती धरून साडेपाच तास. गटाचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा असतो, त्यामुळे हिशेब त्याच्या पायांनी करा. आणि उतरायला निम्माच वेळ लागेल हे गृहीत धरू नका. खडकाळ, सुट्या दगडांच्या वाटेवर नवख्यांना चढाइतकाच वेळ उतरायलाही लागतो.

निघायचं किती वाजता?

सूर्योदयाच्या सुमाराला. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: परत फिरायचं किती वाजता?

ही वेळ घरूनच ठरवून निघायची असते आणि ती मागून मोजत यायची असते. समजा सूर्यास्त साडेसहाला आहे. त्याआधी तासभर, साडेपाचला पायथ्याशी पोहोचायचं. उतरायला अडीच तास. म्हणजे तीन वाजता तुम्ही जिथे असाल तिथून मागे फिरायचं, माथा समोर दिसत असला तरी. हे ऐकायला कठोर वाटतं, पण सगळं नियोजन या एका वेळेवर उभं असतं. दमलेल्या माणसाला 'आता आलंच की' हे नेहमीच खरं वाटतं, म्हणून हा निर्णय ताज्या डोक्यानं आधी घ्यायचा आणि गटातल्या सगळ्यांना सांगून ठेवायचा. मग वर वाद होत नाही. माथा न गाठता वेळेवर खाली आलेला गट माझ्या हिशेबी यशस्वी गट आहे.

अंधाराची आणखी एक गंमत लक्षात ठेवा. पंचांगातली किंवा फोनवरची सूर्यास्ताची वेळ उघड्या क्षितिजासाठी असते. तुम्ही डोंगराच्या पूर्वेच्या अंगानं उतरत असाल तर सूर्य माथ्याआड खूप आधी जातो आणि झाडीत तर त्याहून लवकर काळोख होतो. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत सूर्यास्तानंतरचा संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटंच टिकतो.

वेळेवर उतरण्याचं दुसरं कारण आपल्या सोयीचं नाही, प्राण्यांच्या सोयीचं आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा खंडांतल्या ६२ सस्तन प्राण्यांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. माणसांचा वावर वाढतो तिथे प्राणी आपले व्यवहार रात्रीकडे ढकलतात, असं त्यात दिसलं. वाढत्या शहराशेजारच्या डोंगरावर दिवस आपण घेतलेलाच आहे. रात्र तरी त्यांच्याकडे राहू द्यावी.

फोन आहे, मग नकाशा कशाला?

फोनमधला जीपीएस मोबाईल नेटवर्क नसतानाही चालतो, पण नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तरच त्या ठिपक्याचा उपयोग. घरी वायफायवर नकाशा उतरवा, फोन पूर्ण चार्ज करा, चालताना फ्लाइट मोडवर ठेवा. घळीत किंवा डोंगराच्या आडोशाला सिग्नल शोधण्यातच बॅटरी संपते. थंडीत ती आणखी लवकर उतरते, तेव्हा फोन अंगालगतच्या खिशात ठेवा.

नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वाचायला शिका. रेषा दाटीवाटीनं आल्या की तीव्र उतार, लांब लांब गेल्या की सपाटी. उताराच्या दिशेनं फुगलेल्या रेषा म्हणजे सोंड (माथ्याकडून खाली उतरत आलेली डोंगराची धार), चढाच्या दिशेनं आत शिरलेल्या म्हणजे ओढा किंवा घळ. एवढं कळलं तरी पुढे काय येणार याचा अंदाज येतो.

शहर वाढत असलं की एक वेगळी अडचण येते. पायथ्याचा भाग दरवर्षी बदलतो. जुन्या नकाशावरची वाट आता एखाद्या कुंपणात किंवा खोदकामात संपते, आणि चढाचा खरा तिढा वर नव्हे, पहिल्या अर्ध्या तासात येतो. म्हणून सुरुवातीची जागा अलीकडेच जाऊन आलेल्या कुणाकडून खात्री करून घ्या.

वाट चुकली तर?

थांबा. पाणी प्या, बसा. शेवटची खात्रीची खूण कुठे दिसली होती ते आठवा आणि आलात तसेच तिथवर मागे जा. मळलेली वाट अचानक अरुंद होऊन झुडपांत शिरू लागली, तिला खालून-वरून सारख्याच दिसणाऱ्या फांद्या फुटू लागल्या, तर ती बहुधा गुरांची वाट आहे. गुरं चाऱ्यामागे जातात, माथ्याकडे किंवा गावाकडे जातीलच असं नाही.

एक चूक जिवावर बेतू शकते, ती म्हणजे ओढ्याच्या पात्रानं खाली उतरणं. पाणी शेवटी सपाटीला पोहोचतं हे खरं. पण पाण्याला कड्यावरून उडी मारता येते, आपल्याला येत नाही. थोडं उतरलं की एक टप्पा लागतो, तो कसाबसा पार केला की दुसरा मोठा लागतो, आणि मग वरही जाता येत नाही आणि खालीही नाही. चुकलात तर सोंडेवर किंवा उघड्यावर राहा. तिथून दिसतंही आणि तुम्ही इतरांना दिसताही.

एकट्यानं जावं का?

पहिल्यांदा नको. तीन-चार जण उत्तम: एकाला लागलं तर एक जवळ थांबतो, बाकीचे मदत आणायला जातात. फार मोठा गट असेल तर पुढे एक आणि शेवटी एक जाणकार ठेवा, आणि प्रत्येक फाट्यावर मागच्यांसाठी थांबा.

एकटे असा की गटानं, घरच्या एका माणसाला लेखी निरोप द्या: कुठून चढणार, कुठून उतरणार, सोबत कोण, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. हा शेवटचा भागच सगळ्यात जास्त वेळा राहून जातो.

पाणी किती न्यायचं?

मध्यम हवेत चालताना तासाला साधारण अर्धा लिटर, कडक उन्हात त्याहून जास्त. पाच-सहा तासांसाठी माणशी तीन लिटर घ्या. वरचं पाणी मिळेलच या भरवशावर राहू नका, आणि मिळालं तरी उकळल्याशिवाय किंवा शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका. वस्ती वर सरकत असेल तर निर्मळ दिसणाऱ्या झऱ्यातही वरून काय मिसळतंय ते आपल्याला दिसत नाही.

घामातून मीठही जातं. नुसतंच पाणी भरमसाट प्यायलं तर रक्तातलं सोडियम घटून डोकं दुखणं, मळमळ, भोवळ असा त्रास होऊ शकतो, म्हणून अधूनमधून खारं काहीतरी खा. क्षारसंजीवनीची पाकिटं जवळ असावीत. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ वाढवायचं नाही.

बूट कसले?

पकड असलेले आणि वापरून मऊ झालेले. कोरे करकरीत बूट पहिल्यांदा डोंगरावर घालू नका. पायाची नखं आदल्या दिवशी कापा, नाहीतर उतरताना बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात. पायाला कुठे चुरचुरायला लागलं तर तिथेच थांबून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावण्यात अर्थ उरत नाही.

सॅकमध्ये काय असावं?

पाणी, खाणं, टोपी, पावसाची शक्यता नसली तरी एक वारारोधक जॅकेट, डोक्याला बांधायची विजेरी, शिट्टी, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, जंतुनाशक, स्वतःची रोजची औषधं, ओळखपत्र आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. दिवसाची चढाई असली तरी विजेरी घ्यायचीच. फोनचा टॉर्च हा पर्याय नाही, कारण एक हात त्यात अडकतो आणि ज्या बॅटरीवर मदत मागायची तीच त्यात संपते. सुती कपडे घामानं ओले झाले की लवकर वाळत नाहीत, माथ्यावरच्या वाऱ्यात ते अंगाला गार पडतात. निदान बदलायला एक कोरडा शर्ट ठेवा.

शहरात स्वच्छ ऊन आहे. वरही तसंच असेल ना?

असेलच असं नाही. दर १००० मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. ६०० मीटर चढलात की जवळजवळ चार अंश कमी, आणि त्यात वारा. उलट ऊन मात्र वर जास्त लागतं, दर १००० मीटरला अतिनील किरणं दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात. गारवा जाणवत असतानाच त्वचा भाजते.

सगळ्यात गांभीर्यानं घ्यायची ती वीज. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीननं भागा, तेवढे किलोमीटर वीज दूर आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर माथा, धार आणि एकटं झाड सोडून खाली सरका. उथळ कपारीच्या तोंडाशी बसू नका, एकमेकांपासून अंतर ठेवा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी पुन्हा वर जाऊ नका. उन्हाळी हवेत ढग दुपारनंतर जमतात, लवकर निघण्याचं हेही एक कारण.

पावसात ओढे भरवसा ठेवण्यासारखे नसतात. तुमच्या डोक्यावर थेंबही नसताना वर कोसळलेला पाऊस खाली लोंढा घेऊन येतो. गुडघ्याच्या वर पाणी असेल किंवा ते गढूळ होऊन फांद्या वाहून आणू लागलं असेल, तर ओलांडायचं नाही. पलीकडे अडकलात तर वाट पाहा. पाऊस थांबला की डोंगरी ओढे सहसा काही तासांत ओसरतात.

उतरताना गुडघे का दुखतात?

चढताना मांडीचा स्नायू आखडत जाऊन शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना भार पेलतो, ब्रेक लावत राहतो. हे काम स्नायूला जास्त इजा करतं, आणि तो थकला की धक्का सरळ गुडघ्यावर येतो. शिवाय उतरताना माणूस दमलेला असतो आणि लक्ष सुटलेलं असतं. घसरणं, मुरगळणं हे तेव्हाच जास्त होतं.

पावलं लहान टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, टाच खोल रुतवण्यापेक्षा पूर्ण तळवा टेका. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या खडी-मातीच्या उतारावर, भीतीनं मागे रेललं की पाय पुढे निसटतात. अंग थोडं पुढे, वजन पायांवर, आणि नजर दोन-तीन पावलं पुढे. दोन काठ्यांनी गुडघ्यांवरचा भार खरोखर हलका होतो. उतरताना त्या थोड्या लांब करा. आपल्या पायाखालून दगड सुटला तर खालच्यांना लगेच मोठ्यानं 'दगड!' अशी हाक द्या.

मधली वाट लवकर उतरवते. तिनं गेलं तर काय बिघडतं?

या प्रश्नावर मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण शहरालगतचे डोंगर बऱ्याच अंशी इथेच झिजतात.

चांगली पायवाट उताराला आडवी, नागमोडी वळणं घेत जाते. ती बाहेरच्या अंगाला किंचित कललेली असते, त्यामुळे पावसाचं पाणी वाट ओलांडून गवतात निघून जातं. दोन वळणांमधून कुणीतरी सरळ खाली उतरतं. पहिल्यांदा फक्त गवत दबतं. रोज पावलं पडू लागली की गवत मरतं आणि माती इतकी घट्ट होते की तिच्यात पाणी मुरत नाही. आता पावसाचं पाणी सरळ उतारानं याच पट्ट्यातून धावतं. वेग वाढला की बारीक माती आधी जाते, मग खडे उघडे पडतात, शेजारच्या झाडांची मुळं दिसू लागतात. खड्यांवर पाय घसरतो म्हणून लोक कडेनं चालतात आणि तो पट्टा रुंद होतो. काही पावसाळ्यांत तिथे गुडघाभर खोल नाळ तयार होते, आणि ती मूळच्या वाटेलाही मधोमध कापून टाकते.

पूर्वी मोजकी माणसं जायची तेव्हा दबलेलं गवत पुन्हा उभं राहायला वेळ मिळायचा. शहर वाढल्यावर प्रत्येक सुट्टीला गर्दी येते आणि हा वेळ मिळत नाही. म्हणून वळणावळणाच्या वाटेनंच चाला. वाटेत चिखल असेल तर त्यातूनच जा, त्याला वळसा घातला की वाट पसरते. बूट घरी धुता येतात. वाहून गेलेली माती परत वर नेता येत नाही.

खाली शहर नुसतं धुरकट दिसलं. असं का?

हिवाळ्यात, वारा नसलेल्या निरभ्र रात्री जमीन झपाट्यानं थंड होते आणि तिच्यालगतची हवाही. वर तुलनेनं उबदार हवेचा थर राहतो आणि तो झाकणासारखा बसतो. धूर, धूळ, वाहनांचा धूर सगळं त्याखाली कोंडतं. तुम्ही त्या थराच्या वर आलेले असता, म्हणून त्याची सपाट कड स्पष्ट दिसते. उन्हानं जमीन तापली की हवा ढवळली जाते आणि दुपारकडे धुरकं विरळ होतं. स्वच्छ हवेत सभोवतालच्या सपाटीपासून ६०० मीटर उंचीवर उभं राहिलं तर क्षितिज सुमारे ८७ किलोमीटरवर असतं. पावसाच्या एखाद्या जोरदार सरीनंतरची सकाळ यासाठी सगळ्यात चांगली.

लहान मुलांना नेता येईल?

हो, पण मग ती मुलांची चढाई असते. वेग त्यांचा, थांबे त्यांचे, आणि माथा गाठण्याचा हट्ट घरी ठेवायचा. कड्याच्या बाजूला मोठं माणूस चालेल, आत मूल.

कचरा, फळांची सालं, गाणी?

नेलेलं सगळं परत आणा, सालंसुद्धा. ती कुजायला महिनोन्‌महिने लागू शकतात, आणि तोवर प्राण्यांना वाटेवर खाणं मिळतं ही सवय लागते. मग ते सॅकवर झडप घालतात आणि दोष त्यांना दिला जातो. स्पीकर नको. मागून येणारी हाक, सुटलेला दगड, दूरचा गडगडाट, हे ऐकू येणं ही सुरक्षेची गोष्ट आहे.

साप किंवा मधमाश्या?

दिसत नाही तिथे हात-पाय घालू नका, एवढ्यानं सापाचा बहुतेक धोका टळतो. चावलाच तर जखम कापणं, चोखणं, घट्ट आवळून बांधणं यातलं काहीही करू नका. अंगठ्या-कडी काढा, चावलेला भाग हलू न देता माणसाला उचलून शक्य तितक्या लवकर रुग्णालयात न्या. मोहोळाजवळ धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा टाळा. माश्या उठल्या तर हात न झटकता, तोंड-डोकं झाकून पळा आणि दूरवर जाईपर्यंत थांबू नका.

वर कुणाला लागलं तर मदत कशी मागायची?

आधी त्या माणसाला सुरक्षित जागी, सावलीत आणा. बऱ्याच देशांत ११२ हा आपत्कालीन क्रमांक चालतो, आणि आपल्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या एखाद्याचं उपलब्ध असेल तर तो लागू शकतो. आवाज पोहोचत नसेल तर संदेश पाठवा, कमकुवत सिग्नलवर तो अनेकदा जातो. त्यात अक्षांश-रेखांश, काय झालं आणि किती जण आहात एवढं लिहा. शिट्टी किंवा विजेरीनं मिनिटाला सहा इशारे, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा: ही डोंगरातली जुनी, बऱ्याच देशांत ओळखली जाणारी संकटाची खूण आहे. उत्तर म्हणून मिनिटाला तीन इशारे येतात.

उन्हात चालताना कुणी असंबद्ध बोलू लागलं, झोकांड्या देऊ लागलं, तर तो नुसता थकवा समजू नका. हा उष्माघात असू शकतो. लगेच सावलीत आडवं करून कपडे सैल करा, अंगभर पाणी शिंपडत वारा घाला आणि मदत बोलवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. काही बिघडलंय का?

बहुधा नाही. उतरणीनं दुखावलेले स्नायू २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त दुखतात आणि आठवड्यात बरे होतात. हलकं चालत राहा, भरपूर पाणी प्या. सांध्याला सूज असेल, पायावर भार देता येत नसेल किंवा लघवी चहासारखी गडद होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.